मोठ्या सरोवरांत ट्राउट-सॅल्मनसाठी ट्रोलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो, मिलवॉकी, ग्रँड रॅपिड्स आणि टोरांटो परिसरातील मराठी मंडळींकडून गेल्या काही हंगामांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरून लहान बोटीने मासेमारी करतो, त्यामुळे उत्तरे प्रामुख्याने त्या पाण्याची आहेत. ओंटारियो सरोवरात जेथे वेगळे वागावे लागते तेथे तसे नमूद केले आहे. येथील सर्व उपकरणांवर फूट, मैल आणि पौंड हीच मापे असतात, म्हणून तीच वापरली आहेत.

१. ट्रोलिंग म्हणजे कोकणातल्या ट्रॉलरसारखे जाळे ओढणे का?

नाही. ट्रॉलर तळालगत पिशवीसारखे जाळे ओढतो. ट्रोलिंगमध्ये जाळे मुळीच नसते. चालत्या बोटीमागे रॉडच्या दोरीला बांधलेले आमिष ठरावीक खोलीवरून आणि ठरावीक गतीने ओढले जाते, आणि मासा स्वतः येऊन त्यावर झडप घालतो. सुरमईसाठी होडीमागे गळ ओढत नेण्याची आपल्याकडची रीत याच जातीची आहे. फरक खोलीचा आहे. उन्हाळ्यात येथील सॅल्मन पृष्ठभागाखाली ४० ते १५० फुटांवर असतो, आणि पुढे वर्णिलेल्या सामग्रीपैकी बरीचशी आमिष तेवढे खाली नेऊन तेथेच राखण्यासाठी आहे. सरोवर सुमारे ३०० मैल लांब असल्याने एका जागी गळ टाकून वाट पाहण्यात अर्थ नसतो. मासा शोधत फिरावे लागते.

२. सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना? आणि हे मासे या सरोवरांत मुळातलेच आहेत का?

मुंबईच्या उपाहारगृहांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण रावस आणि सॅल्मन यांचे काहीही नाते नाही. रावस वेगळ्या कुळातला, उष्ण समुद्राचा मासा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. लेक ट्राउट येथला मूळचा रहिवासी, आणि अटलांटिक सॅल्मन केवळ ओंटारियो सरोवरात मूळचा होता. स्टीलहेड (रेनबो ट्राउटचाच एक प्रकार) प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून आणि ब्राउन ट्राउट युरोपातून एकोणिसाव्या शतकात आणले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास सी लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक, बामसारख्या दिसणाऱ्या जिवाने आणि बेसुमार मासेमारीने लेक ट्राउटचा जवळजवळ नायनाट केला. खाणारा मोठा मासा उरला नाही, तेव्हा समुद्रातून कालव्यांवाटे शिरलेला एलवाइफ हा लहान मासा इतका माजला की १९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोपासून वरपर्यंतच्या किनाऱ्यांवर मेलेल्या माशांचे ढीग साचले. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे तत्कालीन प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगनमधून मिळालेल्या अंड्यांपासून वाढवलेली कोहो जातीच्या सॅल्मनची पिल्ले १९६६ मध्ये मिशिगनच्या नद्यांत सोडली होती; १९६७ मध्ये चिनूक ही सॅल्मनची मोठी जातही सोडली गेली. या माशांनी एलवाइफवर ताव मारला, आणि आजची सारी मासेमारी तेथून उभी राहिली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो, कारण चिनूक आजही जवळजवळ सर्वस्वी एलवाइफवर अवलंबून आहे. २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉन सरोवरातील एलवाइफ कोसळला, आणि त्यामागोमाग तेथली चिनूकची मासेमारीही कोसळली. म्हणूनच पिल्ले किती सोडायची याचा निर्णय राज्ये दरवर्षी हात राखून घेतात. आपल्या आमिषाचा आकार आणि रंग त्या वर्षीच्या एलवाइफसारखा असावा, हेही त्यातूनच निघते.

३. परवाना कोणता लागतो? भारतातून आलेल्या आई-बाबांना रॉड धरता येईल का?

मिशिगनमध्ये एकच सर्वसमावेशक परवाना पुरतो. विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना येथे मूळ परवान्याशिवाय ट्राउट-सॅल्मनचा वेगळा स्टॅम्प, म्हणजे जोड-परवाना, घ्यावा लागतो, आणि ओंटारियो प्रांतात आउटडोअर्स कार्ड व त्यावर मासेमारीचा परवाना लागतो. सरोवर एकच दिसत असले तरी पाण्यावर राज्यांच्या हद्दी असतात, आणि आपण ज्या पाण्यात आहोत त्याचा नियम लागू होतो.

पाहुण्या आई-बाबांना रॉड जरूर धरता येईल. त्यांच्यासाठी अनिवासी व्यक्तीचा एका दिवसाचा परवाना ऑनलाइन काढावा. बोटीत नुसते बसणाऱ्याला परवाना लागत नाही, परंतु मासा लागल्यावर ‘जरा धर’ म्हणून त्यांच्या हाती रॉड दिलात तर लागतो. भाड्याच्या चार्टर बोटीवरही प्रत्येक प्रौढाचा परवाना स्वतःचा असावा लागतो. एका व्यक्तीने किती दोऱ्या टाकाव्यात आणि दिवसाला किती मासे ठेवावेत हे आकडे बदलत राहतात. ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच पाहावेत, जुन्या आठवणीवर विसंबू नये.

४. कोणत्या महिन्यात कोठे जावे?

मार्च-एप्रिलमध्ये मिशिगन सरोवराचे दक्षिण टोक, म्हणजे शिकागो आणि इंडियानाचा किनारा, सर्वांत आधी तापते. तेथे कोहो आणि ब्राउन ट्राउट १० ते ३० फूट पाण्यात, अगदी काठालगत सापडतात. मे-जूनमध्ये कोहो विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतो. जुलै-ऑगस्ट हा खोल पाण्यातल्या चिनूकचा काळ. स्टीलहेड तेव्हा किनाऱ्यापासून दूर, वरच्या थरात असतो. ऑगस्टअखेर प्रौढ चिनूक आपापल्या नदीच्या मुखाशी जमतो (प्रश्न १५ पाहा). ओंटारियो सरोवरात वसंत ऋतूत नायगारा नदीच्या मुखाजवळचा उथळ पट्टा आणि दक्षिण किनारा ब्राउन ट्राउटसाठी उत्तम असतो.

५. नवीन माणसाने किमान कोणती सामग्री घ्यावी?

चार रॉड पुरतात: दोन डाउनरिगरसाठी आणि दोन डायव्हरसाठी (ही दोन्ही आमिष खोल नेणारी साधने; प्रश्न ६ आणि ७ पाहा). डाउनरिगरचा रॉड साडेआठ फुटांचा, मध्यम ताकदीचा आणि टोकाशी लवचीक असावा, कारण तो तासन्‌तास वाकलेल्या स्थितीत राहतो. डायव्हरचा रॉड नऊ ते दहा फुटांचा आणि दणकट हवा. चारही रील लाइन-काउंटरचे, म्हणजे किती फूट दोरी बाहेर गेली ते आकड्यात दाखवणारे, असावेत. या बाबतीत काटकसर करू नये, कारण ज्या खोलीवर मासा लागला तीच खोली पुन्हा साधता आली नाही तर तो मासा केवळ योगायोग ठरतो. डाउनरिगरच्या रीलवर २० ते ३० पौंडांचा नायलॉनचा तंगूस आणि डायव्हरच्या रीलवर ३० ते ५० पौंडांची विणलेली दोरी भरावी.

आमिषे प्रारंभी डझनभर पुरेत. दुकानाच्या भिंतीवरचे शंभर रंग पाहून नवखा माणूस तेथेच पैसे संपवतो. त्याऐवजी पाण्याखालची गती आणि तापमान दाखवणारे संवेदक-यंत्र घेण्यासाठी ते पैसे बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्रश्न ९ आणि १० मध्ये दिले आहे.

६. डाउनरिगर नेमका कसा चालतो आणि कसा लावावा?

बोटीच्या मागच्या कडेवर एक चरखी असते. तिच्या तारेला १० ते १२ पौंडांचा गोळा टांगलेला असतो, आणि गोळ्याजवळ एक क्लिप असते. प्रथम आमिष बोटीमागे ठरावीक अंतर सोडावे, मग रॉडची दोरी क्लिपमध्ये अडकवावी, आणि गोळा हवा तितका खाली न्यावा. मासा झोंबला की दोरी क्लिपमधून सुटते, वाकलेला रॉड ताडकन सरळ होतो आणि पुढची झुंज गोळ्याच्या वजनाविना होते.

गोळ्यामागे आमिष किती दूर ठेवावे याला एकच उत्तर नाही. वसंतात, उथळ आणि स्वच्छ पाण्यात, बोटीच्या आवाजाने मासा बिचकतो; तेव्हा ७५ ते १०० फूट मागे सोडावे. उन्हाळ्यात ८० फुटांखाली फ्लॅशर (आमिषापुढे फिरणारी चमकदार पट्टी) ओढताना १० ते २० फूट पुरतात, आणि स्पूनला (चमच्यासारख्या धातूच्या आमिषाला) त्याहून थोडे अधिक द्यावे. क्लिपचा ताण असा हवा की लहान मासा लागला तरी दोरी सुटेल. ताण फार घट्ट असल्यास दोन पौंडांचा कोहो तासभर नकळत ओढला जातो.

पुष्कळांचा गैरसमज असा की काउंटरवर १०० दिसले म्हणजे गोळा १०० फुटांवर आहे. पाण्याच्या रोधाने तार मागे कलते. ती उभ्या रेषेपासून ३० अंश कलली असेल तर १०० फूट तारेवर गोळा सुमारे ८७ फुटांवर असतो, आणि ४५ अंश कलली तर सुमारे ७० फुटांवरच. खोल पाण्यात १५ पौंडांचा गोळा वापरण्याचे कारण हेच.

७. डिप्सी डायव्हरवरचे आकडे कशासाठी असतात?

डायव्हर ही प्लॅस्टिकची वजनदार तबकडी असून ती पाण्याच्या दाबाने स्वतः खाली बुडी मारते. तळाची चकती शून्यावर असेल तर ती सरळ बोटीमागे आणि सर्वांत खोल जाते. १, २, ३ असे वाढवत नेले की ती अधिकाधिक बाजूला सरकते आणि त्या प्रमाणात कमी खोल जाते. चकती उजवीकडे की डावीकडे वळवायची हे बोटीच्या कोणत्या बाजूला लावणार त्यावर ठरते. अंदाज असा ठेवावा की १ वर साधारण दोन फूट दोरीला एक फूट खोली मिळते आणि ३ वर तीन फुटांना एक. मात्र दोरीची जाडी, तबकडीचा आकार आणि गती यांनुसार हा अंदाज बदलतो. तबकडीवरील कडे काढले तर ती कमी खोल जाते.

डायव्हर आणि आमिष यांच्यामधला दोरीचा तुकडा, म्हणजे लीडर, रॉडच्या लांबीपेक्षा जास्त ठेवू नये. तबकडी रॉडच्या टोकाशी आल्यावर पुढे गुंडाळता येत नाही, आणि मासा हातजाळीच्या आवाक्याबाहेर राहतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो.

८. लेडकोअर, तांब्याची दोरी आणि प्लेनर बोर्ड यांची गरज केव्हा पडते?

मासा बोटीखालून बाजूला पळतो असे वाटू लागले, किंवा तो ५० फुटांपेक्षा कमी खोलीवर असला, की गरज पडते. लेडकोअर म्हणजे गाभ्यात शिसे असलेली विणलेली दोरी. तिचा रंग दर ३० फुटांनी बदलतो, म्हणून ‘पाच रंग’, ‘दहा रंग’ अशी तिची भाषा आहे. साधारण २ ते २.५ मैल गतीला एक रंग सुमारे ५ फूट खाली जातो. म्हणजे दहा रंगांना ५० फूट. तांब्याची दोरी त्याहून जड. ४५ पौंडांची ३०० फूट सोडली तर ६० ते ७० फूट खोली मिळते.

प्लेनर बोर्ड ही दोरीला अडकवायची तरंगती फळी असते. ती पाण्याच्या दाबाने बोटीपासून बाजूला सरकते आणि आमिष बोटीच्या वाटेबाहेरच्या न बिचकलेल्या पाण्यात नेते. वसंतातल्या कोहोसाठी याहून प्रभावी काही नाही: लहान नारिंगी-लाल डॉजर (दोन्ही बाजूंना डोलणारी पट्टी), त्यामागे हातभरापेक्षा कमी लीडरवर बारकी फ्लाय (झिरमिळ्यांचे हलके आमिष), आणि हे सारे बोर्डांवर, वरच्या १५ फुटांत.

९. गती किती ठेवावी? माझ्या जीपीएसवर २.५ मैल असूनही शेजारच्या बोटीलाच मासे का लागतात?

चिनूक आणि कोहोसाठी ताशी २ ते २.८ मैल, स्टीलहेडसाठी याच्या वरच्या टोकाला किंवा थोडे अधिक, आणि लेक ट्राउटसाठी १.५ ते २, ही सर्वसाधारण मर्यादा. परंतु प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या भागात आहे.

जीपीएस बोटीची जमिनीच्या संदर्भातली गती दाखवते. आमिषाला जी गती जाणवते ती त्याच्या भोवतालच्या पाण्याच्या संदर्भातली असते, आणि मोठ्या सरोवरात ८० फुटांखालचे पाणी वरच्या पाण्याहून वेगळ्या दिशेला वाहत असू शकते. वर वारा दक्षिणेचा, खाली प्रवाह उत्तरेकडून, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी उत्तरेकडे २.५ ने जाताना आमिषाला ३ हून अधिक गती मिळते आणि स्पून गरागरा फिरू लागतो. वळून दक्षिणेकडे आलो की तोच स्पून २ च्या खाली येऊन निर्जीव लटकतो. लोक म्हणतात, ‘आज मासे फक्त एकाच दिशेला जाताना लागतात.’ माशाला दिशेचे काही नसते. त्याला गती हवी असते.

संवेदक असेल तर गोळ्याजवळची गती वाचावी आणि तीच कायम ठेवावी, जीपीएस काहीही दाखवो. संवेदक नसेल तर डाउनरिगरच्या तारेचा कल हाच गतिमापक. पहिला मासा लागला त्या क्षणी तार किती कललेली होती हे लक्षात ठेवावे, शक्य असल्यास कठड्यावर खडूने खूण करावी, आणि परतीच्या वाटेवर तोच कल येईपर्यंत इंजिन कमी-जास्त करावे. डायव्हरच्या रॉडचा बाक आणि टोकाची थरथरही हेच सांगते. फ्लॅशर नीट फिरत असेल तर टोक ठेका धरल्यासारखे हलते.

सरळ रेषेत चालू नये हेही याच्याशी निगडित आहे. सावकाश नागमोडी वळण घेतले की वळणाच्या आतल्या बाजूचे आमिष मंदावून खाली बसते आणि बाहेरच्या बाजूचे वेग घेऊन वर येते. मासा आतल्या रॉडला लागला तर गती कमी करावी, बाहेरच्याला लागला तर वाढवावी. सबंध बोटीला तीच दुरुस्ती हवी असण्याची शक्यता मोठी असते.

१०. मासे कोणत्या खोलीवर आहेत हे कसे ठरवायचे?

तापमानावरून. उन्हाळ्यात सरोवराच्या वरच्या गरम थराखाली एक असा पट्टा असतो, जेथे थोड्याशा खोलीत तापमान झपाट्याने उतरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूक ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ अंश सेल्सिअस, या पाण्याच्या शोधात असतो. लेक ट्राउट ४८ ते ५२ अंशांत रमतो. कोहो चिनूकच्या आसपास. स्टीलहेड आणि ब्राउन ट्राउट ५५ ते ६२ अंशांतही खूश असतात. थर्मोक्लाइन सोनारवर अनेकदा धूसर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. हल्ली क्वागा शिंपल्यांमुळे पाणी काचेसारखे स्वच्छ झाले आहे; ऊन खोलवर पोहोचते आणि मासा सकाळी नऊनंतर जुन्या पिढीच्या अनुभवापेक्षा बराच खाली जातो.

मात्र हा पट्टा स्थिर नसतो, आणि नव्या माणसाला सर्वाधिक चकवणारी गोष्ट हीच आहे. पृथ्वीच्या परिभ्रमणाने नव्हे तर परिवलनाने उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठजल उजवीकडे वळते. मिशिगन सरोवरावर दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला की गरम पाणी पूर्वेकडे सरकते आणि विस्कॉन्सिनच्या काठाशी तळाचे थंड पाणी उसळून वर येते. ऐन जुलैमध्ये काठावर पोहणारा माणूस कुडकुडतो आणि चिनूक ४० फूट पाण्यात येतो. वारा उत्तरेचा झाला की हेच मिशिगन राज्याच्या बाजूला, लडिंग्टन-ग्रँड हेवनकडे घडते. ओंटारियो सरोवर पूर्व-पश्चिम पसरलेले असल्याने तेथे पश्चिमेचा वारा टोरांटोच्या काठाला थंड पाणी आणतो आणि पूर्वेचा वारा न्यूयॉर्कच्या काठाला.

म्हणून ‘काल ९० फुटांवर होते’ ही बातमी वारा फिरला असेल तर निरुपयोगी ठरते. ‘काल ५२ अंशांत होते’ ही बातमी बहुधा आजही उपयोगी पडते.

११. स्पून लावावा की फ्लॅशर?

पहाटे आणि मासा विखुरलेला असताना स्पून. ऊन चढल्यावर, खोल पाण्यात, मोठ्या चिनूकसाठी फ्लॅशर आणि फ्लाय. आठ इंची फ्लॅशरमागे फ्लायचा लीडर दीड ते दोन फूट ठेवावा. लीडर आखूड केला की फ्लाय अधिक झटक्याने हलते. हेरिंगची पट्टी लावायची असेल तर ११ इंची पॅडल (मोठा फ्लॅशर) आणि चार ते सहा फूट लीडर, कारण मांसाच्या आमिषाला संथ, लांब वळसे हवे असतात. रंगांविषयी थोडक्यात: लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो, हिरवा-निळा खोलवर टिकतो, आणि अंधारात चमकणारा लेप पहाटेच्या पहिल्या तासात उपयोगी पडतो.

१२. सहा-आठ दोऱ्या एकत्र टाकल्या की गुंता होतो. क्रम काय असावा?

सर्वांत बाहेरच्या बोर्डावर सर्वांत कमी खोल जाणारी दोरी, आणि आत येत जाऊ तसतशी अधिक खोल. बाहेरच्या दोरीला मासा लागला की तो मागे पडतो आणि आतल्या खोल दोऱ्यांच्या वरून गुंडाळून आणता येतो. डायव्हरमध्येही बाहेरचा ३ वर आणि आतला १ वर ठेवावा. डाउनरिगर मध्यभागी, सर्वांत खाली. वळण मोठे आणि सावकाश घ्यावे. लाटेवरून तिरके वळताना मी स्वतः एकदा सहाही दोऱ्यांची वेणी केली होती आणि ऐन मासे लागण्याची सकाळ ती सोडवण्यात गेली. तेव्हापासून दोन माणसे असतील तर सहापेक्षा जास्त दोऱ्या टाकतच नाही.

१३. दोरीवर ओल्या कापसासारखे, काटेरी, चिकट गोळे जमतात. ते काय आहे?

ती पाणपिसू आहे: युरेशियातून जहाजांच्या समतोल-पाण्यातून आलेले, लांब काटेरी शेपटीचे सूक्ष्म कवचधारी जीव. त्यांचे काटे बारीक दोरीला अडकतात आणि गोळा इतका वाढतो की रॉडच्या कड्यांतून दोरी सरकेनाशी होते आणि मासा हाताशी येऊन सुटतो. उपाय जाड, गुळगुळीत तंगुसाचा. ३० पौंडांच्या जाडीवर काटे नीट पकड घेत नाहीत. विणलेल्या दोरीवर हा त्रास सर्वाधिक होतो, म्हणून जुलैनंतर डायव्हरलाही पुष्कळ जण तंगूस किंवा तार लावतात. दोरी अधूनमधून झटकावी, आणि दुसऱ्या जलाशयात जाण्यापूर्वी बोट व दोऱ्या पूर्ण कोरड्या कराव्यात.

१४. मासा लागल्यावर बोट थांबवावी का?

नाही. बोट थांबली की बाकीची आमिषे बुडून एकमेकांत अडकतात आणि माशाच्या दोरीचा ताणही जातो. गती दीड मैलापर्यंत उतरवून सरळ चालत राहावे. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आधीच लावलेला असावा. मासा धावत असताना तो आवळण्याचा मोह टाळावा. मोठा चिनूक एका दमात ३०० फूट दोरी नेतो, त्याला नेऊ द्यावी. रॉड वर उचलत आणि खाली आणताना गुंडाळत राहावे. हातजाळी पाण्यात आधीच धरून माशाचे डोके तिच्यात आणावे. शेपटीकडून जाळी घातली तर मासा पुढे उसळी मारून निघून जातो.

१५. ऑगस्टअखेर सोनारवर मोठमोठे चिनूक दिसतात, पण एकही लागत नाही. का?

हे नदीत चढायच्या तयारीतले मासे आहेत. त्यांची भूक मंदावते, जठर आक्रसते, आणि नदीत गेल्यावर अंडी घालून ते मरतातच. अशा माशाला भुकेने नव्हे तर चिडीने झोंबायला लावायचे असते. बंदराच्या तोंडाशी, पहाट होण्यापूर्वीच्या अंधारात, मोठे चमकणारे स्पून किंवा वाकड्या चालीचे जे-प्लग ओढावेत; गती थोडी वरखाली करावी. उजाडल्यानंतर तासाभरात काही घडले नाही तर खोल पाण्यात जावे, कारण तेथे अजून प्रौढ न झालेले, भुकेले मासे असतात आणि त्यांचे मांसही सरस असते.

१६. लेक ट्राउटसाठी याच रचनेने काम भागते का?

फारसे नाही. तो तळालगत राहतो. गोळा तळाला अधूनमधून टेकेल इतका खाली न्यावा, मागे मोठा डॉजर आणि दोन-अडीच फुटांवर पंखांचा फिरता मणी लावलेले आमिष, आणि गती १.५ ते १.८. गोळ्याने उडणारा गाळ त्याला आकर्षित करतो. सोनारवर तळ खडकाळ दिसला तर गोळा लगेच पाच फूट उचलावा.

१७. हवामान केव्हा अयोग्य समजावे?

वीस फुटांच्या आसपासच्या बोटीसाठी अंदाजात तीन फुटांच्या वर लाटा असतील तर मी बंदर सोडत नाही. सरोवरातल्या लाटा समुद्रापेक्षा आखूड आणि उभ्या असतात. आकडा लहान वाटला तरी मार मोठा असतो. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा बंदरात शांत भासतो आणि पाच मैल आत गेल्यावर परतू देत नाही. छोट्या बोटींसाठी इशारा जारी असेल तर चर्चा संपली.

एप्रिल-मे मध्ये पाणी ४० ते ४५ अंश फॅरनहाइट असते. अशा पाण्यात पडल्यास पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते, हातपाय कामाचे राहतील अशी सुमारे दहा मिनिटे मिळतात, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. जीवरक्षक जॅकेट अंगात असेल तरच हा हिशोब लागू पडतो. बाकाखाली ठेवलेले जॅकेट त्या पहिल्या मिनिटात कोणालाही घालता येत नाही. मोबाइलवर विसंबू नये. व्हीएचएफ रेडिओ हवा आणि संकटसंदेशांचे चॅनेल १६ चालू हवे. कोठे जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे.

१८. हे मासे खाणे सुरक्षित आहे का? कालवण केले तर?

मर्यादेत, होय. पीसीबी ही औद्योगिक रसायने अमेरिकेत १९७९ मध्ये बंद झाली, पण सरोवरांच्या गाळात ती टिकून आहेत आणि माशाच्या चरबीत साचतात. मोठ्या, म्हाताऱ्या लेक ट्राउटमध्ये ती सर्वाधिक आणि लहान कोहोमध्ये बरीच कमी असतात. कातडी, पोटाकडचा चरबीचा पट्टा, पाठीवरची चरबी आणि कुशीवरची गडद पट्टी काढून टाकावी. जाळीवर भाजल्यास उरलेली चरबी गळून जाते. कालवणात मात्र ती रश्श्यातच उतरते आणि तो रस्सा आपण भातावर घेतो. म्हणून कालवणासाठी तुकडे करण्यापूर्वी ही सफाई अधिक काटेकोर हवी, आणि डोक्याचे सार करू नये. पारा मांसात असतो, तो सफाईने जात नाही. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी प्रत्येक राज्याचे खाण्याच्या प्रमाणाचे पत्रक वेगळे असते. ते पाहूनच किती खायचे हे ठरवावे.

१९. मासा सोडून द्यायचा असेल तर तो जगतो का?

लेक ट्राउट बहुधा जगतो. त्याला वाताशयातली हवा तोंडावाटे सोडता येते, त्यामुळे खोलातून सावकाश वर आणल्यास पोट फुगत नाही; वर येताना त्याच्यामागे बुडबुडे दिसतात ते हेच. चिनूकची अडचण वेगळी आहे. ५० अंशांच्या पाण्यातून ७० अंशांच्या पृष्ठभागावर, दीर्घ झुंजीनंतर आलेला चिनूक सोडला तरी अनेकदा वाचत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात मर्यादेइतके मासे झाले की मोठ्यांना सोडत खेळ चालू ठेवण्याऐवजी दोऱ्या गुंडाळाव्यात.

२०. पाठीच्या मागच्या बाजूचा लहान पर कापलेला मासा मिळाला. तो आजारी आहे का?

नाही. तो मांसल, बिनकाट्याचा पर मत्स्यबीज केंद्रात पिल्लू असतानाच कापलेला असतो. अशा माशाचा जन्म केंद्रातला आणि शाबूत पर असलेल्याचा बहुधा नदीतला, एवढे त्यावरून कळते. पर कापलेल्या अनेक माशांच्या नाकाडात सुमारे एक मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार टोचलेली असते. ती बाहेरून दिसत नाही, आणि मासा कोणत्या वर्षी, कोठे सोडला हे तिच्यावरून समजते. धक्क्यावर नोंद घेणारे जीवशास्त्रज्ञ भेटले तर त्यांना नाकाड कापून घेऊ द्यावे. ते नसतील तर अनेक बंदरांवर यासाठी शीतपेट्या ठेवलेल्या असतात. डोळ्यांच्या मागे कापलेले डोके पिशवीत घालून, मासा पकडल्याची तारीख, जागा आणि लांबी चिठ्ठीवर लिहून तेथे ठेवावे.